ट्रेनिंगचं छोटं विमान लँडिंगला उसळून नाकावर का आपटतं?

प्रश्न असा आहे की शिकाऊ पायलट एकटाच होता, वारा वगैरे काही नव्हता, तरी विमान रनवेला टेकून दोनतीनदा उसळलं आणि नाकावर बसलं, हे कशामुळे, आणि असं विमान भंगारातच जातं का.

मी ट्रेनिंगच्या विमानांचं मेंटेनन्स करतो, त्यामुळे अशी विमानं हँगरमध्ये ओढून आणलेली बघितली आहेत. सुरुवात बहुतेक वेळा जास्तीच्या स्पीडने होते. सेसना १७२ (ट्रेनिंगचं नेहमीचं छोटं विमान) फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) खाली करून साधारण ६०-७० नॉट्सने (नॉट हे विमानाच्या स्पीडचं माप) आणायची असते, पोरं स्टॉलच्या (स्पीड फार कमी होऊन पंखांची उचल जाण्याच्या) भीतीने ८० ने येतात, आणि जमिनीजवळ आलं की ग्राउंड इफेक्टमुळे (जमीन जवळ असल्याचा पंखांवर होणारा परिणाम) ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो, विमान खाली बसायलाच तयार नसतं. त्यात शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर नाही म्हणजे वजन कमी, अजूनच तरंगतं. रनवे संपत आलाय असं वाटून मुलगा ते जबरदस्तीने टेकवायला जातो, नाकाचं चाक आधी लागतं आणि विमान उसळतं.

इथपर्यंत खरं तर फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढे. नाक वर गेलं की हात आपोआप योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलतो, पण विमान रिस्पॉन्स द्यायला क्षणभर घेतं, तोवर ते स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे दुप्पट जोरात आपटतं, मग घाबरून योक मागे, परत उसळी आधीपेक्षा उंच. दुसऱ्या तिसऱ्या आपटीला नोज गिअर (नाकाचं चाक आणि त्याचा दांडा) जातो. योक हलवून ही लय पकडायला जाऊच नये, सरळ फुल थ्रॉटल देऊन गो-अराउंड करायचा (लँडिंग सोडून परत वर जायचं), उजवा रडर (शेपटीचं सुकाणू फिरवणारं पायाचं पेडल) दाबायचा (नाहीतर पॉवर दिल्यावर विमान डावीकडे ओढतं, तो वेगळाच अपघात) आणि फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे, एकदम नाही.

आता नुकसान. १७२ चा नोज स्ट्रट (नाकाच्या चाकाचा दांडा) फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) बसवलेला असतो, त्यामुळे बाहेरून फक्त चाक वाकलेलं दिसलं तरी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढल्यावर फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुत्या पडलेल्या दिसतात, आजूबाजूचे रिव्हेट्स ढिले. प्रॉपेलरचं टोक आणि जमीन यात फूटभरही अंतर नसतं, त्यामुळे नाक बसलं की पाती घासणारच, रनवेवर सारख्या अंतरावर चिरा उमटतात. पाती मागे वळलेली असली तर तेव्हा इंजिन बहुधा आयडलला (पॉवर न देता हळू फिरत) होतं. आणि चालू इंजिनात प्रॉप आपटला की नुसता प्रॉप बदलून भागत नाही, आतल्या क्रँकशाफ्टला (प्रॉप फिरवणारा इंजिनातला मुख्य दांडा) तडा गेलाय का हे बघायला अख्खं इंजिन खोलावं लागतं, खरा खर्च तिथे येतो.

भंगारात जाईलच असं नाही, फायरवॉल बदलता येते, पण काम महिनोन् महिने चालतं. विमान जुनं असेल तर इन्शुरन्सवाले हिशोब करून सोडून देतात, मग त्याचे पंख नि शेपटी दुसऱ्या विमानांना सुटे पार्ट म्हणून लागतात.