वय वाढलं की उंदरांमध्ये इन्सुलिन वाढतं की कमी होतं?

तुम्ही लिहिलंय की एका पेपरमध्ये ‘म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं’ असं वाचलं, दुसऱ्यात ‘वयाबरोबर इन्सुलिन स्रवण्याची क्षमता घटते’ असं, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी यातलं कोणतं धरायचं ते कळत नाही. दोन्ही धरा. दोघांनी मोजलंय वेगवेगळं.

यातलं मूळ काम जेरल्ड रीव्हन आणि ईव्ह रीव्हन यांचं. जेरल्ड रीव्हन म्हणजे ज्यांनी पुढे १९८८ मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ (इन्सुलिनला शरीर दाद न देणं आणि त्यासोबत येणारे बिघाड) मांडला तेच. १९७९ मध्ये या दोघांनी सहकाऱ्यांसोबत वेगवेगळ्या वयाच्या उंदरांच्या स्वादुपिंडातली एकेक आयलेट (इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींचा पुंजका) सुटी काढली, तिला ग्लुकोज दिलं आणि किती इन्सुलिन बाहेर पडतं ते पाहिलं. वयस्क उंदरांच्या आयलेट मोठ्या होत्या, त्यांत बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही जास्त होत्या. पण दर पेशीमागे हिशोब केला तर इन्सुलिन वयाबरोबर कमी होत गेलेलं निघालं. म्हणजे एकेका पेशीचा जोर कमी, पण पेशी जास्त. रक्तातलं इन्सुलिन मोजणाऱ्याला सगळ्या पेशींची बेरीज दिसते, शिवाय ते यकृताकडून किती वेगाने काढून टाकलं जातंय त्याचा परिणामही त्या आकड्यात असतो. म्हणून उपाशीपोटीची साखर जवळजवळ तरुण उंदराइतकीच आणि इन्सुलिन मात्र चढलेलं, असं चित्र बरेचदा दिसतं. साखर ठीक आहे म्हणून उंदीर ठीक आहे असं समजू नका, ती साखर ठीक ठेवायला त्याला जास्त इन्सुलिन खर्चावं लागतंय.

आता हे सगळं वयामुळे का? मला वाटतं इथेच बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. पिंजऱ्यातला उंदीर दिवसरात्र समोर खाद्य असताना, पळायला जागा नसताना म्हातारा होतो. तो म्हातारा होतो तसा लठ्ठही होतो. रीव्हन दांपत्याच्याच १९८१ च्या कामात ज्या उंदरांना कमी खायला दिलं किंवा व्यायाम करायला लावला, त्यांच्या स्वादुपिंडात वयाबरोबर होणारे बदल बरेच कमी झाले. नंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये नीर बार्झिलाय यांच्या गटाने आणखी थेट प्रयोग केला: २० महिन्यांच्या उंदरांच्या पोटातली चरबी शस्त्रक्रियेने काढून टाकली. वय तेच राहिलं, पण यकृत आणि स्नायू इन्सुलिनला पुन्हा तरुण उंदरांसारखा प्रतिसाद देऊ लागले. हा पेपर २००२ चा आहे. प्रोजेक्ट लिहिण्याआधी तो मुळातून वाचाच, नुसत्या सारांशावर थांबू नका.

दुसरी अडचण तुलनेची. २ महिन्यांचा उंदीर हा वयात येणारा पोर असतो. त्याची १२ महिन्यांच्या उंदराशी तुलना केली तर जो फरक मिळतो त्यातला मोठा भाग वाढीचा असतो, म्हातारपणाचा नव्हे. शरीर इन्सुलिनला देतं तो प्रतिसाद बराचसा त्या पहिल्या काही महिन्यांतच उतरतो. मध्ये ६ महिन्यांचा एक गट ठेवलात तर हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता प्रत्यक्ष जीटीटीबद्दल (ग्लुकोज देऊन ठरावीक मिनिटांनी रक्तातली साखर मोजण्याची टेस्ट), कारण मी औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत या टेस्ट केल्या आहेत आणि पेपरमध्ये हे कुणी लिहीत नाही. डोस सहसा किलोला २ ग्रॅम असतो. तरुण उंदीर ३०० ग्रॅमचा असेल तर त्याला ०.६ ग्रॅम ग्लुकोज जातं, ६०० ग्रॅमच्या म्हाताऱ्याला १.२ ग्रॅम. पण म्हाताऱ्याचे स्नायू काही दुप्पट नसतात, वाढलेल्या वजनात चरबी बरीच असते आणि चरबी ग्लुकोज फार थोडं उचलते. म्हणजे डोसच्या हिशोबातच म्हातारा थोडा जास्त बिघडलेला दिसणार. रिझल्टमध्ये वजनं द्या आणि हे स्पष्ट लिहा. जमलं तर डोस चरबी वगळून उरलेल्या वजनावर काढा.

उपास रात्रभराचा ठेवू नका. उंदीर रात्रीच खातो, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवणं म्हणजे त्याचं जवळजवळ दिवसभराचं जेवण काढून घेणं, यकृतातलं ग्लायकोजेन संपत येतं. सकाळी खाद्य काढून ५-६ तासांनी टेस्ट केलेली बरी. म्हाताऱ्या उंदराची शेपटी जाड, खरखरीत असते, शीर पटकन सापडत नाही. शेपटी थोडा वेळ कोमट पाण्यात धरा, मग थेंब आपोआप येतो. पिळून काढू नका, ऊतींमधलं पाणी मिसळून आकडा खोटा येतो. आणि प्राणी घाबरला की साखर चढते, म्हणून आधीचे काही दिवस त्याला रोज हाताळा. माझ्या पाहण्यात १५-३० मिनिटांच्या आकड्यांवरून तरुण-म्हातारा ओळखणं कठीण जातं, खरा फरक ९० आणि १२० ला दिसतो: तरुणाची साखर खाली आलेली असते, म्हाताऱ्याची अजून रेंगाळत असते. त्या शेवटच्या वेळा वाचवू नका.

उंदीर कोणत्या जातीचा आणि कुठला हेही लिहा. स्प्रॅग-डॉली चांगलेच सुटतात, फिशर ३४४ त्यामानाने सडपातळ राहतात. आधीच्या पिढ्यांचा आहारही मोजावा लागतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये विस्टार जातीच्या उंदरांचं काम प्रसिद्ध केलं. ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या या उंदरांना नंतर दोन पिढ्या पोटभर खायला देऊनही मधुमेहाकडचा कल गेला नव्हता.

तुमच्या प्रोजेक्टपुरतं: ग्लुकोजसोबत ० आणि ३० मिनिटांचं इन्सुलिनही मोजा, नाहीतर वर म्हटलेलं काहीच दिसणार नाही. शेवटी प्राणी मारताना वृषणांजवळची आणि मूत्रपिंडांभोवतीची चरबी काढून तिचं वजन करा. तुमच्या एथिक्स कमिटीच्या अर्जात हे आधीच लिहून ठेवा, नंतर परवानगी मिळवण्यात वेळ जातो.