चष्मा घालवायला नव्वद हजार: हप्त्यावर की थोडं थांबून?

प्रश्न: वय २९, पुण्यात नोकरी. हातात पगार ४६,००० रुपये, खर्च ३२,०००, एसआयपी ५,०००, बँकेत १,४०,०००. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेपाच आहे. लग्न वर्षभरावर आलंय, त्याआधी चष्मा घालवायचा आहे. दवाखान्याने लेसरने नंबर घालवायच्या दोन शस्त्रक्रियांचे दर सांगितले: दोन्ही डोळ्यांचे मिळून फेम्टो लॅसिकचे ९०,००० आणि स्माइलचे १,२०,०००. क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते आहेत आणि आज ५,००० भरले तर सूट मिळेल. सध्या कॉन्टॅक्ट लेन्स आणि सोल्युशनला महिन्याला १,००० जातात, चष्म्याला दर दोन वर्षांनी ७,०००. म्हणजे पैसे वसूल होतील ना?

उत्तर: वसूल होतील, पण ते लेन्समुळे. चष्म्यामुळे नाही.

तुमचा आजचा खर्च वर्षाला १५,५०० रुपये आहे. फेम्टो लॅसिकच्या ९०,००० वर तपासण्या, काही महिन्यांचे डोळ्यांचे थेंब आणि येणंजाणं यांचे ६,००० धरा. ९६,००० ला १५,५०० ने भागलं की सव्वासहा वर्षं येतात. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, ते व्याज धरलं तर आठ वर्षं. स्माइलला याच हिशेबाने जवळपास बारा, म्हणजे तुमची एक्केचाळिशी. त्याच सुमारास जवळचं वाचायला चष्मा लागू लागतो आणि ती चाळिशी लेसरने टळत नाही. जो लेन्स न वापरता नुसता चष्मा घालतो, त्याचे वर्षाला ३,५०० वाचतात आणि ९६,००० वरचं व्याजच ६,२४० होतं. त्याचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. म्हणून ही गुंतवणूक समजू नका. रोजची सोय विकत घेताय, आणि उणे साडेपाचच्या माणसाला ती सोय नक्कीच मोलाची आहे.

आजचे ५,००० मात्र भरू नका. कोणती शस्त्रक्रिया करायची हे पाकिटाआधी कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक थर, ठरवतो. ढोबळ हिशेब असा: साडेसहा मिलिमीटरच्या भागात एका नंबरामागे लेसर साधारण १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) थर काढतो, म्हणजे तुमच्यासाठी ७७. लॅसिकमध्ये आधी कॉर्नियाची पातळ झडप उचलतात, त्या फ्लॅपचे ११० मायक्रॉन वेगळे. कॉर्निया ५२० मायक्रॉनचा असेल तर खाली ३३३ उरतात. किमान २५० हवेतच, आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. तुमचा ४७० निघाला तर उरतात २८३. मग फ्लॅपशिवायची पीआरके किंवा डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स असा विषय निघतो. पीआरके बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते, पण पहिले काही दिवस डोळे दुखतात, सुट्टी जास्त लागते. आयसीएल बरीच महाग. आणि कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका दिसली तर लेसर करूच नये. अशा वेळी भरलेले ५,००० परत मिळतील का, हे पावतीवर कुठे लिहिलेलं आहे?

आधी फक्त तपासणीचे पैसे देऊन कॉर्नियाचा नकाशा, जाडी, अश्रूंची तपासणी आणि बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. त्याआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवा. लेन्स घालत राहिलात तर कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, नंबर आणि नकाशा दोन्ही चुकतात आणि तपासणीचा खर्च दुसऱ्यांदा येतो.

आता हप्ते. ७,५०० चे बारा हप्ते म्हणजे बरोबर ९०,०००. बँकेचा दर १५ टक्के असेल, तर त्यात मुद्दल सुमारे ८३,१०० आणि व्याज ६,९०० असतं. हे व्याज दवाखाना सूट म्हणून सोसतो, म्हणजे रोख देणाऱ्यालाही तेवढी सूट देणं त्याला परवडायला हवं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १,२४०, तुमच्याच खात्यावर पडतो, वर प्रक्रिया शुल्क. तेव्हा ‘एकरकमी दिले तर किती?’ हे स्पष्ट विचारा. शिवाय हप्ता गेल्यावर तुमच्याकडे महिन्याला दीड हजार उरतील, तेही लग्नाच्या वर्षात.

विम्यावर भिस्त ठेवू नका. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा, म्हणजे साडेसातपेक्षा, कमी नंबराच्या दुरुस्तीचा खर्च कंपनी नाकारू शकते. कंपनीच्या गटविम्यात वेगळी तरतूद आहे का, ते एचआरकडून लेखी घ्या. नंबर वाढवून लिहून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर साफ नकार द्या. खोट्या माहितीवरून दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या या खर्चावर आरोग्यविम्याच्या हप्त्यासारखी आयकरातली वजावटही मिळत नाही.

माझा सल्ला: तीन महिन्यांच्या खर्चाचे ९६,००० बाजूला ठेवा, त्यांना हात नको. उरलेले ४४,००० आणि महिन्याला ८,००० चं सात महिन्यांचं आवर्ती खातं, असे लाखभर जमतात. एसआयपी चालू राहते. थांबण्याचा दुसरा फायदा असा की सात महिन्यांनी नंबर पुन्हा तपासता येतो. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलायलाच हवी. लग्नाच्या आत पाच महिने हाताशी राहतात. तीन महिन्यांपेक्षा कमी अंतर ठेवू नका: डोळे कोरडे पडणं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं याच काळात जास्त असतं, आणि होमाचा धूर, हळद, काजळ हे सगळं त्या दिवसांत डोळ्यांना सोसवत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नंबर हलतो, तेव्हा लेसर टाळतात. लग्नाआधी जमलं नाही, तर पुढचं वेळापत्रक तेवढं लक्षात घेऊन आखा.

स्माइलचे वरचे ३०,००० कधी द्यावेत? डोळे आधीच थोडे कोरडे असतील किंवा चेहऱ्यावर मार बसेल असा खेळ खेळत असाल तर. त्यात फ्लॅप नसतो, छेद लहान असतो. एरवी तेवढे पैसे लग्नासाठी राहू द्या.

पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या: दर दोन्ही डोळ्यांचा आहे ना, नंबर थोडा परत आला तर दुसऱ्यांदा लेसर किती वर्षांपर्यंत मोफत, आणि त्यात नंतरच्या तपासण्या धरल्यात का. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांच्या अहवालाची प्रत मागून घेऊन विम्याच्या कागदांसोबत जपून ठेवा. पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर डोळ्यात कोणत्या नंबराची लेन्स बसवायची हे ठरवताना डॉक्टर तीच प्रत मागतील.