पाळकसाहेबांना विचारा : 'बेथलेहेम'वर अडकलो

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी सव्वीस वर्षांचा, नगर जिल्ह्यातला, बँकेत नोकरीला आहे. दोन वर्षांपासून प्रभू पूर्णवेळ सेवेसाठी बोलावतोय असं आतून वाटतं. पण लहानपणापासून तोतरा आहे. गेल्या नाताळात शास्त्रपाठ वाचताना 'बेथलेहेम'वर अडकलो, मागच्या बाकावरची पोरं हसली. आई म्हणते, लागलेली नोकरी सोडू नको. हे पाचारण खरं, की माझ्या मनाचे खेळ? कृपया नाव छापू नये.

उत्तर : बेटा, सलाम. नाव छापत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कवी नारायण वामन टिळकसुद्धा आधी नाव लपवूनच ख्रिस्ती पत्राला प्रश्न पाठवत होते. पुढे १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी सगळ्यांदेखत बाप्तिस्मा घेतला. घरदार दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. म्हणजे त्यांची भीती खोटी नव्हती. तुझीही नाही.

मी तोतरा नाही, तरी माझी वाचा गेली होती. पाळक म्हणून माझी पहिली माती चार वर्षांच्या मुलीची होती. भुरभुर पाऊस, हातातल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. मुलीच्या आजीनं प्रार्थना उचलली, मग सगळ्या मंडळीनं पुरी केली. संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. शेजारणीनं आणलेलं पिठलं-भाकरी बापापुढे तसंच पडलं होतं. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं एक तुकडा मोडला, अर्धा मला दिला. रात्री दहापर्यंत आम्ही दोघं बसून होतो, एक शब्द न बोलता. पाळकाचं काम काय असतं ते मला त्या घरात कळलं. उपदेश रविवारी अर्धा तास. बाकीचा आठवडा हे असतं.

बायबलातल्या निर्गमाचा चौथा अध्याय पुन्हा वाच. देव मोशेला पाठवू पाहतो, तेव्हा मोशे म्हणतो, मी जिभेचा जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. देवाला राग येतो. पण तो पाचारण मागे घेत नाही, आणि जीभ सुधारून देतो असंही तिथे लिहिलेलं नाही. तो मोशेच्या वतीनं बोलायला त्याचा भाऊ अहरोन देतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की अहरोन तोवर भेटायला निघालेलासुद्धा होता.

तेव्हा उद्याच राजीनामा देऊ नकोस. वर्षभर दर शनिवारी तुमच्या पाळकांबरोबर दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जा. शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल शाळेचा, एक वर्ग घे. लहान मुलं अडखळणाऱ्या शिक्षकाला फार लवकर सांभाळून घेतात, हे मी पाहिलंय. स्पीच थेरपिस्टकडे जा, तेही विश्वासानंच. वर्षानंतरही आजाऱ्याच्या खाटेजवळून तुझा पाय निघत नसेल, तर मंडळीकडे सेमिनरीसाठी, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयासाठी, शिफारसपत्र माग.

आईला वचनं ऐकवू नकोस. पाळकाच्या घरची ओढाताण तिनं पाहिली असणार. तिच्याजवळ बस, शिक्षणाची वर्षं आणि घरखर्च कागदावर मांड, तिचं ऐकून घे.

येत्या नाताळात तोच पाठ मागून घे. 'बेथलेहेम'वर अडकलास तर श्वास घे, मंडळी थांबेल. काय झालं ते मला जरूर कळव.