दगडी भिंतीसाठी मोठे टेक्स्चर वापरावे की ते शेडरमध्ये तयार करावे?

आपल्या खेळातील दगडी भिंत जवळून धूसर दिसते आणि दुरून तोच नमुना पुन्हापुन्हा डोळ्यांत भरतो, म्हणून ४०९६ पिक्सेलचे टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचे चित्र) घ्यावे की शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, गणिताने पृष्ठभाग तयार करावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पृष्ठभाग गणितानेच तयार करावा. मात्र त्यातील बहुतेक भाग एकदाच काढून टेक्स्चरमध्ये साठवावा आणि प्रत्येक फ्रेमला केवळ अतिबारीक तपशील मोजावा.

४०९६ × ४०९६ पिक्सेलचे, प्रत्येकी ८ बिटच्या चार चॅनेलचे (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) टेक्स्चर ६४ मेगाबाइट जागा घेते आणि मिपमॅपसह (दुरून पाहण्यासाठी साठवलेल्या, लहान होत जाणाऱ्या प्रतींसह) ती सुमारे ८५ मेगाबाइट होते. बीसी७ या टेक्स्चर कॉम्प्रेशनच्या पद्धतीने ती चौथाईवर येते, पण पुनरावृत्ती तशीच राहते.

सुरुवात रंगापासून नव्हे, उंचीपासून करावी. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नॉइजचे (गणिताने काढलेल्या सलग पण अनियमित चढउतारांचे) पाच-सहा थर, दर थराला वारंवारता दुप्पट आणि उंची निम्मी करत, एकमेकांत मिसळले की खडबडीतपणा येतो. एवढ्यावर थांबल्यास मात्र दगड ढगासारखा मऊ दिसतो. म्हणून भेगांसाठी स्टीव्हन वर्ली यांचा १९९६ चा पेशीसदृश नॉइज जोडावा. त्यात पृष्ठभागावर विखुरलेल्या बिंदूंपैकी सर्वांत जवळच्या आणि त्यानंतरच्या बिंदूपर्यंतच्या अंतरांतील फरक जिथे शून्याकडे जातो, तिथे भेगेची रेघ मिळते. मग शेजारच्या उंचींतील फरकावरून नॉर्मल मॅप (प्रत्येक ठिकाणी पृष्ठभाग कोणत्या दिशेला कलला आहे ते सांगणारे टेक्स्चर) काढावा, आणि रंग व खरखरीतपणाही त्याच उंचीवरून ठरवावा. असे केले की भेगेच्या तळातील काळसरपणा, तिच्या कडेवरची चमक आणि सावली एकाच जागी पडतात, आणि डोळ्याला दगड खरा वाटतो तो मुख्यतः या जुळणीमुळे. पर्लिन यांचे २००२ चे सुधारित सूत्रच वापरावे, कारण जुन्या सूत्राने काढलेल्या नॉर्मलमध्ये चौकटीच्या रेषा उमटतात.

शेडरमध्ये मोजलेल्या तपशिलाला मिपमॅपचा आधार नसतो, त्यामुळे कॅमेरा मागे घेताच भिंतीवर मुंग्या वळवळल्यासारखी चमचम सुरू होते. मी स्वतः हा दोष दोन दिवस प्रकाशाच्या गणितात शोधत होतो. उपाय असा की, एका पिक्सेलमध्ये पृष्ठभागाचा किती भाग मावतो हे डेरिव्हेटिव्हवरून (शेजारच्या पिक्सेलपर्यंत मूल्य किती बदलते त्यावरून) काढावे आणि ज्या थराची लहर दोन पिक्सेलच्या आत येऊ लागते, तो थर हळूहळू विझवावा.

पुनरावृत्ती लपवण्यासाठी भिंतीच्या जागतिक स्थानावरून मोजलेला, अगदी मंद लहरींचा एक नॉइज घेऊन रंगाची छटा थोडीशी बदलत ठेवावी. नॉर्मल मॅप आयात करताना त्यावर एसआरजीबीची (रंगीत चित्रांसाठीच्या मूल्यपद्धतीची) खूण असल्यास ती काढावी, अन्यथा सगळे उतार चुकीचे वाचले जातात.