घराच्या दारासाठी चोरघंटेचे साधे सर्किट स्वतः कसे तयार करावे?

सोल्डरिंगचा थोडाफार सराव असलेल्या माणसाने दारासाठी चोरघंटा कशी बनवावी आणि दार उघडताच बझर चालू करणारा साधा स्विच पुरेसा होईल का, असे आपण विचारले आहे. बझर वाजण्यापुरता तो पुरेसा आहे, पण त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण वायर तुटली किंवा कोणी कापली तर अशी घंटा मुकी होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझी पहिली चोरघंटा याच प्रकारची होती. चौकट रंगवण्यापूर्वी खरवडताना तिची वायर तुटली आणि त्यानंतर कित्येक आठवडे मी निर्धास्त झोपत होतो.

म्हणून मांडणी उलटी करावी: दार बंद असताना वायरीतून अल्पसा प्रवाह वाहत राहावा आणि तो खंडित होताच घंटा वाजावी. त्यासाठी चौकटीवर रीड स्विच (काचेच्या नळीतला, चुंबकाने चालणारा स्विच) आणि दारावर चुंबक बसवावे, म्हणजे दाराबरोबर वायर हलत नाही. चुंबक जवळ असताना मिटणारा स्विच घ्यावा आणि त्याचे पाय काचेच्या अगदी लगत वाकवू नयेत, कारण काच तडकते.

बीटी169 हा लहान एससीआर (गेटला थोडा प्रवाह मिळताच चालू होणारा आणि मुख्य प्रवाह तुटेपर्यंत चालूच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; अ‍ॅनोड, कॅथोड आणि गेट हे त्याचे तीन पाय), 6 व्होल्टचा डीसी बझर आणि 4 पेन्सिल सेल एवढ्यावर काम भागते. बझर धन टोक आणि अ‍ॅनोड यांच्यामध्ये येतो, तर कॅथोड ऋण टोकाला जातो. धन टोकापासून गेटपर्यंत 22 किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, आणि गेटपासून कॅथोडपर्यंत 470 ओहमचा रेझिस्टर व रीड स्विच एकापाठोपाठ एक जोडावेत. दार बंद असताना गेटवर जेमतेम 0.13 व्होल्ट राहतात. ते उघडले किंवा वायर कापली की गेटला सुमारे 0.24 मिलिअ‍ॅम्पिअर मिळतात आणि एससीआर चालू होतो. त्याला जास्तीत जास्त 0.2 लागतात, त्यामुळे सेलचा एकूण दाब 5.2 व्होल्टच्या खाली जाण्याआधी सेल बदलावेत. स्तब्ध अवस्थेत 0.27 मिलिअ‍ॅम्पिअर खर्च होत असल्याने 2000 मिलिअ‍ॅम्पिअर-तासांचे सेल हिशेबाने दहा महिने पुरतात. प्रत्यक्षात थोडे कमी धरावे.

ट्रान्झिस्टरऐवजी एससीआर घेण्याचे कारण असे की, चोराने दार पुन्हा लोटले तरी घंटा थांबत नाही. येथे नवशिक्यांची एक हमखास फसगत होते: बझर आतल्या आत प्रवाह सतत चालू-बंद करतो, त्यामुळे दार मिटताच एससीआरही बंद होतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. बझरला समांतर 470 ओहमचा आणखी एक रेझिस्टर लावला की प्रवाह टिकून राहतो. वायर लांब असेल तर गेट आणि कॅथोड यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, म्हणजे आजूबाजूच्या मोटारींच्या चालू-बंद होण्याने घंटा उगाच वाजणार नाही.

घंटा थांबवण्याचा स्विच पुरवठ्याच्या वायरीत आणि दारातून हाती लागणार नाही अशा जागी असावा. खिडक्याही जोडायच्या असतील तर त्यांचे रीड स्विच याच ओळीत एकापुढे एक जोडता येतात. जाळीत किंवा कडीत घरातील वीज सोडण्याचा विचार मात्र कधीही करू नये. तो झटका घरच्या मुलालाही तितकाच जीवघेणा ठरतो.