मत नको, नोंद दाखव

मखमलाबाद, नाशिक
सप्टेंबर

प्रिय पोरी,

परवा तू गेल्यावर काकू मला म्हणाली, "एवढं तोडून बोलायची गरज होती का?" गरज होती. पण तू रडवेल्या तोंडाने गाडी काढलीस ते काही मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

तुझं सगळं मी नीट ऐकलं होतं. अंबडच्या कंपनीत क्वालिटीला तीन वर्षं झाली. पगार वेळेवर होतो, पण सकाळी गेटवर कार्ड पंच करताना पोटात गोळा येतो. मैत्रीण जर्मनीला गेली. मावसभाऊ पुण्यात अभ्यासिका धरून एमपीएससी करतोय. वडील म्हणतात, दिंडोरीला बेदाण्याचं युनिट टाकू, तू बघ. शिवाय घरात स्थळांची कुजबुज सुरू झालीय. आणि या सगळ्यावर तुझा तोडगा काय, तर "काका, आधी मी स्वतःला पूर्ण ओळखते, मग ठरवते." त्यासाठी फाईल केलीस: बलस्थानं, उणिवा, मूल्यं, स्वप्नं, चार रंगांचे कागद. व्यक्तिमत्त्वाची चाचणी तीनदा दिलीस, तीन निकाल आले, आणि तिसऱ्यानंतर तुला वाटायला लागलं की आपलंच काहीतरी बिघडलंय.

अगं, त्या चाचणीने तुला विचारलं काय? तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं का? सोमवारी कामावरून वैतागून आलीस तेव्हा 'नाही' म्हणालीस, लग्नात नाचून आलीस तेव्हा 'हो' म्हणालीस. त्या त्या दिवशीचं तुझंच मत तुला रंगीत तक्त्यात बांधून परत मिळालं. तुझी फाईल मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. फाईलभर मतं होती, नोंद एक नव्हती.

स्वतःला ओळखावं, त्याशिवाय माणूस वाढत नाही आणि त्याला समाधानही लाभत नाही, हे मी तुला पटवत बसणार नाही. ते पटलंय म्हणून तर तू आलीस. माझं भांडण त्या 'आधी ओळखते, मग ठरवते'शी आहे.

तू द्राक्षवाल्याची पोर, तुला छाटणी काय सांगायची. पण काडी तपासताना तू कधी माझ्याजवळ बसली नाहीस. एप्रिलात खरड छाटणी झाली की नव्या काड्या येतात, आणि त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे काडीवरच्या कोंबांत, पुढच्या हंगामाचा घड धरणार की नाही हे पावसाळ्याच्या तोंडालाच ठरून गेलेलं असतं. ढगाळ हवा राहिली, नत्र जास्त झालं, पानांची दाटी झाली, तर डोळा फुटतो पण घड निघत नाही, नुसती बाळी, आधाराला गुंडाळणारा तंतू, निघते. बाहेरून मात्र सगळे डोळे सारखेच दिसतात. मग सप्टेंबरात शेतकरी ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून माझ्याकडे आणतो. मी एकेक डोळा ब्लेडने पातळ कापतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असा पांढुरका, खडबडीत पुंजका तिथे असतो किंवा नसतो. बुडापासून कितव्या डोळ्यावर घड आहे ते मी कागदावर लिहून देतो, आणि तो ऑक्टोबरात त्या हिशेबाने कात्री लावतो.

दरवर्षी एखादा तरी छातीठोकपणे सांगतो, "साहेब, काडी अंगठ्याएवढी झालीय, घड नसेल कसा?" आणि बरेचदा त्या अंगठ्याएवढ्या काडीतच काही नसतं. जोमात गेलेली काडी लाकूड धरते. माल धरते ती आठ-दहा मिलिमीटरची, पेन्सिलीएवढी, जिच्याकडे कुणी बघतही नाही ती. तुझ्या फाईलचं पहिलं पान 'नेतृत्वगुण', लाल अक्षरात, दोनदा अधोरेखित. अंगठ्याएवढी काडी! आता त्याच्याखाली मला एक तारीख दाखव, एक प्रसंग दाखव. नाही ना? मग आत्ता ते नुसतं लाकूड आहे असं धरून चाल.

हे माझं बागेतलं पाल्हाळ वाटत असेल तर दुसरं सांगतो. 1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. बायकांच्या लांब पायमोज्यांचे चार जोड एका ओळीत मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब एकच होते. लोकांनी सर्वांत जास्त उचलला तो उजव्या टोकाचा. का, असं विचारलं तर कुणी वीण सांगितली, कुणी पोत सांगितला. उजवीकडे होता म्हणून उचललात का, असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी छे छे म्हटलं. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. आपलं कारण प्रत्येकाला मनापासून खरं वाटत होतं, आणि हीच तर भानगड आहे. तुझी जर्मनी हा उजव्या टोकाचा जोड आहे का? मैत्रिणीचे बर्फातले फोटो स्टेटसला दिसायच्या आधी तू जर्मनीचं नाव काढल्याचं मला तरी आठवत नाही. तुला आठवत असेल तर तारीख सांग.

कारणं मनात शोधू नकोस. तिथे कारणं तयारच असतात, मागशील ती मिळतात.

काय करायचं ते ऐक. दोनशे पानी साधी वही घे. महाग डायरी घेऊ नकोस, खराब होईल म्हणून तू तिच्यात लिहिणार नाहीस. रात्री दोन-चार ओळी. आज कुठलं काम कुणी न सांगता केलं, कुठलं उद्यावर ढकललं, कुणाचा हेवा वाटला. हेव्याचं तर न चुकता लिही, हेवा सहसा खोटं बोलत नाही. 'आज खूप सकारात्मक वाटलं' असलं काही लिहिलेलं सापडलं तर पान फाडीन. आणि मोठा निर्णय घेशील त्या दिवशी एक सबंध पान: काय ठरवलं, का ठरवलं, यातून काय होईल असं वाटतं. मग नऊ-दहा महिने त्या पानाकडे बघायचं नाही. नंतर उघडलंस की तुझा अंदाज कुठे बरोबर येतो आणि कुठे दरवेळी फसतो ते तुझ्याच अक्षरात दिसेल. तेव्हा 'मला आधीच माहीत होतं' म्हणायची सोय राहत नाही. मला ही पद्धत आवडते ती म्हणूनच.

एक नोंद तर तू परवा नकळत देऊन गेलीस. चहा पिताना म्हणालीस, आयटीआयची नवी पोरं आलीत, त्यांना मायक्रोमीटर कसा धरायचा, रॅचेट किती फिरवायचं ते दाखवता दाखवता शिफ्ट संपलेली कळली नाही आणि बस चुकली. हे फाईलमध्ये कुठे आहे? कुठेच नाही. कारण तुझ्या लेखी ते बलस्थान नाही, ती बस चुकण्याची गोष्ट आहे. लगेच "म्हणजे मी शिक्षिका होऊ का?" म्हणून फोन करू नकोस. एका डोळ्यावरून कुणी बागेचा रिपोर्ट देत नाही. पण लिहून ठेव, तारखेसकट.

आणि करून बघितल्याशिवाय नोंद येणार कुठून? बेदाणा म्हणतेस, तर फेब्रुवारी-मार्चात आठवडाभर रजा काढून कुणाच्या तरी शेडवर उभी राहा. डिपिंगच्या द्रावणात क्रेट बुडवताना, जाळ्यांवर घड पसरताना, मजूर आले नाहीत त्या सकाळी तुझं काय होतं ते बघ. एमपीएससी म्हणतेस, तर एका रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. यातलं एकही न करता तू दोन महिने फाईल रंगवलीस. चिडू नको तर काय करू?

इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का, असंही विचारलंस. जा. तिथल्या धम्मगिरी केंद्रात 1976 पासून शिबिरं चालू आहेत. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा, लिहिणं-वाचणं बंद. वहीसुद्धा बाहेर! माझ्या तत्त्वाला हा धक्काच आहे आणि पहिल्यांदा मी यावरून तिथे वाद घालायच्या बेतात होतो. पण तिथेही तुझं मत कुणी विचारत नाही. आधी श्वास बघ, मग अंगावरची संवेदना बघ. गुडघा दुखतोय तर दुखतोय एवढंच बघ, का दुखतोय आणि हे मलाच का, हे नको. म्हणजे माझंच म्हणणं, कागदावाचून. फक्त परत येताना 'आता मला सगळं कळलं' असं मत घेऊन येऊ नकोस. आलीस तर तेही लिहून तारीख टाक.

माणसांनाही विचार. हे मला उशिरा सुचलं. ऑक्टोबरात मी घरात असून नसतो, पोरांवर खेकसतो, दिवाळी आली कधी आणि गेली कधी हे कळत नाही, असं माझ्या वह्यांत सापडलं. मोठा शोध लावल्यासारखं काकूला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे मला पहिल्या वर्षीच माहीत होतं. विचारायचं होतं." सिमीन वझिरे या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2010 साली हेच अभ्यासातून मांडलं: मनातली धाकधूक, चिंता आपली आपल्याला जास्त बरोबर कळते, पण बुद्धी, कल्पकता यांसारख्या, ज्यात आपला मान अडकलेला असतो अशा गोष्टी मित्रांना आपल्यापेक्षा जास्त अचूक दिसतात. म्हणून आईला विचार, सुपरवायझरला विचार, भांडण झालेल्या मैत्रिणीला तर आधी विचार. पण 'मी कशी आहे' असं विचारू नकोस, तोंडावर गोडच बोलतील. 'मी कुठल्या कामाला टाळाटाळ करते' असं विचार.

त्या दिवाळ्यांची सल आहे. नोंद होती, कळत होतं, वळलं नाही. लिहिलं की माणूस आपोआप सुधारतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण वही नसती तर आज मी 'सगळं घरासाठीच केलं' असं म्हणत फिरलो असतो, आणि पोरांनी ते ऐकून घेतलं असतं.

दर रविवारी पांडवलेणी चढतेस, पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आहे, आत कधी गेलीस का? त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस चाळिशीपर्यंत चित्रकला, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, छापखाना, जादूचे प्रयोग, सगळं करून बसला होता. लोकांनी धरसोड म्हटलंच असेल. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आल्यावर 'मला चित्रपट जमेल' असं भाषण देत ते पैसेवाल्यांकडे गेले नाहीत. कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा लावला आणि एकेक चौकट टिपत राहिले. अंकुर वर येतो, रोप वाढतं, एवढीच छोटी फिल्म. ती दाखवली, भांडवल उभं राहिलं, आणि 1913 मध्ये चित्रपट पडद्यावर आला. मत नाही, नोंद दाखवली!

माझंही सांगतो, विचारलं नसलंस तरी. खतांच्या एका कंपनीत मी चांगल्या पगारावर होतो. वहीत वर्षानुवर्षं एकच: बैठकीच्या दिवशी डोकं धरलं, बागेत गेलो त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या. नोकरी सोडली तेव्हा भाऊ म्हणाला, "एम.एस्सी. होऊन काड्या कापणार?" कापल्या. उशिरा सोडली म्हणतात, मी म्हणतो तपासत होतो. आता मुलगा म्हणतो, बाबा, तेव्हाच मोठी लॅब टाकली असती, चार माणसं ठेवली असती, तर आज कुठे असता. कुठे असतो ते मला माहीत आहे, परत बैठकीत. हाताखाली माणसं आली की मी कसा होतो ते लिहिलेलं आहे. पहाटे एकट्याने दिवा लावून काचेवर डोळा ठेवला की मला दुसरं काही लागत नाही, हेही लिहिलेलं आहे. लोक हट्टी म्हणतात. असेन, पण माझ्या हट्टाला तारखा आहेत, त्यांच्या सल्ल्याला नाहीत.

वडिलांशी मी बोलणार नाही, ते तुझं तू बोल. स्थळांचं काकू आईशी बोलेल, तिने आपणहून पत्करलंय. दोन आठवड्यांनी ये, सकाळी सहाला, नंतर माझ्याकडे गर्दी होते. चार-दोन ओळींच्या का होईना, नोंदी असल्या तर ये, नसल्या तर आणखी दोन आठवड्यांनी ये.

आणि दिंडोरीच्या खालच्या प्लॉटच्या काड्या अजून आलेल्या नाहीत. मागच्या वर्षीही तुझ्या वडिलांनी शेजाऱ्याची तारीख बघून कात्री लावली होती. तू येताना घेऊन ये. प्लॉटच्या चारही बाजूंनी आणि मधून घे, कडेच्याच नकोत, आणि गोणपाट नीट ओलं कर.

तुझा
काका