ई-संजीवनीवर सल्ला मोफत मिळतो, तरी ऊसतोडीच्या बायका तो का घेत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की तुमचा गट ऊसतोडीच्या बायकांना ई-संजीवनीचं, म्हणजे फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचं, ॲप शिकवतो, तरी त्या वापरत नाहीत. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बाई उपकेंद्रात आली की मी टॅबवरून डॉक्टरांशी बोलणं करून देते, तिच्याकडे फोन असो नसो. अडतं ते ती तोडीला गेल्यावर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. माझ्या गावातून तोडीला जाणाऱ्या बहुतेक जोडप्यांत एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. ओटीपी त्यावरच येणार. आणि कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, सासरा दोन हातांवर बसलेला असताना अंगावरून पांढरं जातंय हे ती डॉक्टरला कसं सांगेल?

गेल्या हंगामात रात्री नऊला एकीचा फोन आला. "ताई, डोकं दुखतंय," एवढंच म्हणाली. डोकेदुखीसाठी ती मला फोन करणार नाही हे मला माहीत होतं. मग मीच विचारत गेले, ती नुसती हो-नाही म्हणत राहिली. पाळी चुकून दोन महिने झालेले, दोन दिवसांपासून रक्त जातंय. हे फोनवर भागणारं नव्हतं, सोनोग्राफी लागणार होती. ती म्हणाली, "खाडा पडंल."

तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ती थांबली की कोयता मोडतो, मुकादम खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसाचे, ५०० रुपये लावतो आणि ते उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, कर्जात चढतात. शिवाय गाडीभाडं वेगळं. ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचली, तेव्हा रक्त चढवावं लागलं.

याच खाड्याच्या धास्तीनं पाळीच नको म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणींना वेळेवर साधं औषध मिळालं असतं तर पिशवी वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ॲप शिकवण्याआधी एक करा. कारखान्याच्या तळावर, बायका फडातून परतल्यावर, तुमच्यातल्या एखाद्या ताईला स्वतःचा रिचार्ज केलेला फोन घेऊन बसवा, कोप्यांपासून जरा लांब. पहिले काही दिवस कुणी येणार नाही. तरी बसू द्या.